डांबरगोळ्यांतलं झबलं

“घर में नेफ्थलीन की गोलियाँ रखते हैं क्या?” डॉक्टरांनी विचारलं, आणि माझ्या खांद्यावरचा सासूबाईंचा हात गळून पडला.

बाळ जन्मून जेमतेम काही दिवस झाले होते. अंग हळदीसारखं पिवळं, दूध ओढेना. आमच्याकडे नव्या बाळाला आधी घरातलं जुनं झबलं घालतात. सासूबाईंनी शहपुऱ्याच्या आमच्या गावच्या घरातल्या पेटीतून माझ्या नवऱ्याचंच आणलं होतं, डांबरगोळ्या घालून जपलेलं. धुऊन घालू म्हटलं तर म्हणाल्या, “पेटीतच तं होतं, कुठं मळलं?”

रिपोर्ट आला: जी-सिक्स-पीडी डेफिशियन्सी. जी-सिक्स-पीडी हे रक्ताच्या तांबड्या पेशींतलं एन्झाइम. ते साखरेच्या एका रूपातून हायड्रोजन काढून एनएडीपी नावाच्या रेणूला देतं. त्याचं एनएडीपीएच होतं, आणि ते पेशीला फुटण्यापासून वाचवतं. माझ्या मुलात हे एन्झाइम फारच कमी होतं. त्यात डांबरगोळीचा अंश अंगात गेला आणि पेशी भराभर फुटायला लागल्या.

“बिलिरुबिन दिमाग तक नहीं पहुँचना चाहिए,” डॉक्टर म्हणाले. बिलिरुबिन म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य. ते मेंदूत शिरलं तर मूल वाचूनही अधू होतं. एक्स्चेंज ट्रान्सफ्यूजन करायचं ठरलं, म्हणजे बाळाचं रक्त थोडंथोडं काढून दुसऱ्याचं भरायचं.

नवरा रक्तासाठी धावला. बाकावर आम्ही दोघीच उरलो.

“काहून बोलून नाही राहिली? माह्यावर राग आला ना?”

आला होता. त्यांच्याकडे बघितलं असतं तर तोंडातून काय निघालं असतं, देव जाणे. मी दाराच्या काचेकडे बघत राहिले.

रक्त बदलल्यावर पहिल्या तपासणीत बिलिरुबिन उतरलं, पुढच्या तपासणीत पुन्हा चढलं. मग ते हळूहळू खाली येत गेलं, आणि एका सकाळी बाळ भुकेनं किंचाळलं. इतकं गोड रडणं मी ऐकलं नव्हतं.

सुट्टी देताना डॉक्टरांनी बजावलं: डांबरगोळ्या कायमच्या बंद, आणि मलेरियाचं प्राइमाक्विनच काय, कुठलंही औषध देण्याआधी हा आजार सांगायचा. मीही सांगते, तुमच्या घरी बाळ पिवळं पडलं तर कपड्यांच्या पेट्या आठवा आणि जी-सिक्स-पीडीची तपासणी मागून घ्या.

मग डॉक्टर म्हणाले, “लड़कों में ये माँ से आता है.”

मी मान खाली घातली. ज्यांच्यावर इतके दिवस मनात दातओठ खात होते, त्या आता दोषातून सुटणार, आणि हे माझ्याकडून आलं हे शहपुऱ्यापर्यंत सगळ्यांना कळणार. सासूबाई खुर्चीतून पुढे सरकल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावर पुन्हा हात ठेवला.

“फिर हमारी पोरगी का भी खून जाँच लो, डॉक्टर साहब. इसको तो कुछ नहीं होगा ना?”