घड्याळाचा कोपरा

दोन-चारच सर्किट बोर्ड करून घ्यायचे म्हटले की कारखान्याचा भाव ऐकूनच छंद सुटतो. म्हणून अमरावती-अकोल्याची आम्ही हौशी मंडळी आपापली डिझाइनं आमच्यातल्याच एका गड्याकडे पाठवतो. तो ती सगळी एकाच मोठ्या बोर्डावर शेजारी शेजारी बसवतो, तो बोर्ड बनवून आणतो आणि बारीक करवतीनं कापून ज्याचं त्याला देतो. रिकामी जागा त्याला बघवत नाही. कॉम्प्युटरवर माझा पंपाचा टायमर आडवा-उभा फिरवत तो पुटपुटत असतो, "सरक बापा, जरासा सरक." हे सर्किटला!

त्याच्या स्वतःच्या घड्याळाचं डिझाइन केव्हाचं तयार आहे. भिंतीवर त्यासाठी खिळाही ठोकलेला आहे. पण दर खेपेला ऐनवेळी कोणीतरी आपलं डिझाइन घेऊन येतं आणि घड्याळ बोर्डाबाहेर निघतं. "काहून काढलं?" विचारलं की म्हणतो, "त्याले काय घाई हाये? पुढच्या खेपेले पाहू."

मागच्या खेपेला अकोल्याच्या मित्रानं आणि मी ठरवून आमची डिझाइनं लहान केली. एक कोपरा मोकळा झाला. मी बजावलं, "भाऊ, हा कोपरा तुमच्या घड्याळाचा."

"बरं," तो म्हणाला. चक्क लाजला.

बोर्ड आला. त्या कोपऱ्यात नांदगावच्या कोण्या मास्तरांच्या शाळेच्या घंटेचं सर्किट होतं.

"पाहा," तो खुशीत म्हणाला, "कसं बरोब्बर बसलं!"

खिळ्यावर सध्या करवत टांगलेली असते.