मोटारीसाठी वळलेल्या वाती

वडिलांची अट एका वाक्याची होती. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी लॉरीचे इंजिन पुन्हा खोलावे लागले, तर लॉरी विकायची आणि अमरावतीच्या शाळेत संस्कृत शिकवायला जायचे. हेडमास्तरांशी त्यांचे बोलणे झाले होते. जागा तोवर मोकळी राहणार होती. मी अट मान्य केली. वडिलांना नाही म्हणण्याचा प्रघात आमच्या घरी नव्हता.

वडील अकोल्यात पौरोहित्य करीत. दसऱ्याला शहरातल्या व्यापाऱ्यांच्या मोटारींची पूजा सांगायला त्यांनाच बोलावणे येई. माझी लॉरी घेतल्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला दारातच उभी होती. ते तिला वळसा घालून दुसऱ्यांच्या मोटारींकडे गेले.

युद्ध नुकतेच संपले होते. पेट्रोलच्या टंचाईमुळे कित्येक बसगाड्या अजून कोळशाच्या गॅसवर चालत. आमची लॉरी डिझेलची. लोक तिला क्रूडची गाडी म्हणत. ती मी आणि बाळापूरच्या माझ्या भागीदाराने मिळून जुनी घेतली होती. त्याच्या घरचे भाजीचे मळे होते. त्याचा माल आम्ही अमरावतीच्या बाजारात उतरवीत असू, आणि तिथून मीठ व किराणा भरून परतवाड्यावरून धारणीला जात असू. गाडी दोघेही चालवीत असू. तो मला ‘महाराज’ म्हणे. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मी कधी विचारले नाही.

धारणीच्या रस्त्यावर धूळ फार. ती इंजिनात शिरे, तेलात मिसळे, आणि तेल चार खेपांत काजळासारखे काळे होई. त्या तेलाने इंजिनाचे बेअरिंग एका हंगामात खाऊन टाकले. मिस्त्रीने इंजिन खोलून झिजलेले तुकडे माझ्या हातावर ठेवले तेव्हा वडील ओसरीवर बसले होते. त्यांनी अट घातली ती तेव्हाच.

तेल गाळले जाईल अशी काही सोय करणे भाग होते. आम्ही दोघे अकोल्याच्या बाजारात मोटारीचे सामान विकणाऱ्या शेठजींकडे गेलो. त्यांनी दोन फिल्टर काउंटरवर ठेवले. एक नवीन तऱ्हेचा. इंजिनातले सगळे तेल त्यातून जाणार. दुसरा बायपास, म्हणजे थोडेसे तेल बाजूच्या बारीक नळीने एका डब्यात जाणार, तिथे गाळले जाऊन परत तळाच्या टाकीत पडणार. बाकीचे तेल नेहमीच्या वाटेने इंजिनाला मिळत राहणार.

भागीदाराला पहिला पसंत पडला.

“महाराज, थोडंसं तेल गायून काय फायदा? चहा काय आपण अर्धा गायतो?”

“चहाची गाळणी तुंबली तर चहा थांबतो. इथे इंजिन थांबेल.” मी शेठजींना विचारले, “हा सगळे तेल गाळणारा तुंबला तर?”

“त्यात झडप आहे. ती उघडते.”

“नाही उघडली तर?”

शेठजींनी चहा मागवला.

“आन् याच्या आतली गायनी?” भागीदाराने विचारले. “ते इथं भेटन का?”

“आज आहे. पुढची मुंबईहून येईल तेव्हा येईल.”

बायपासच्या डब्यात मात्र सूत भरायचे होते, आणि ते आपल्या हाताने बदलता येणार होते. तेल हळूहळू गाळले जाईल, पण फिरून फिरून सगळेच कधी ना कधी डब्यातून जाईल, असे शेठजी म्हणाले. मला ते पटले. डबा तुंबला तरी इंजिन उपाशी राहणार नव्हते. मी बायपास घेतला. आणखी एक खूण शेठजींनी सांगितली: गाडी चालून आली की डब्याला हात लावायचा. डबा गरम असेल तर तेल फिरते आहे. गार असेल तर तो तुंबला आहे.

सोबतच्या कागदावर आत गिरणीतल्या सुताचा कचरा भरावा असे छापले होते. मी तो मजकूर वाचून दाखवला. भागीदाराला अपमान वाटला.

“कचरा? वऱ्हाडात कापसाची कमी पडली काय? आपल्या गाडीच्या पोटात कचरा काहून भरायचा?”

दुसऱ्या दिवशी तो सरकी काढणाऱ्या जिनातून नुकताच निघालेला, पहिल्या वेचणीचा कापूस घेऊन आला. पांढरा, लांब धाग्याचा. असा माल पाहिला की आमच्याकडची माणसे बोलायची थांबतात. मीही थांबलो. आम्ही तो डब्यात ठासून भरला.

परतवाड्याच्या पुढे चढण संपल्यावर गाडी थांबवली. डब्याला हात लावला. गार.

भागीदाराने माझ्याकडे पाहिले आणि मग स्वतः हात लावला. त्याला माझ्या हाताचा भरवसा वाटला नसावा.

“लागली महाराज शाळेत नोकरी,” तो म्हणाला.

तेलाच्या दाबाचा काटा जागच्या जागी होता. इंजिनाला तेल मिळत होते. फक्त डबा बंद पडला होता. सगळे तेल गाळणारा फिल्टर घेतला असता आणि त्याची झडप अडली असती, तर त्या चढणीवरच निकाल लागला असता.  चहाच्या गाळणीची गोष्ट भागीदाराने तिथेच सोडली.

अकोल्याला येऊन अंगणात डबा उघडला. मोकळा कापूस तेलात भिजून खाली बसला होता, आणि त्याचे तंतू बाहेरच्या नळीच्या तोंडाशी गोळा झाले होते. मग गिरणीतला कचरा आणला. तो जमिनीवरून झाडून घेतलेला; त्यात लोखंडाचा कीस सापडला. इंजिनात तो घालणे म्हणजे धारणीची धूळ विकत आणून घालणे होते. स्वच्छ पीळदार सूत कुठून आणावे, हा विचार करीत आम्ही बसलो.

आई ओसरीवर वाती वळत होती. लाखवातींचा तिचा संकल्प होता आणि परात तिच्यापुढे सदाच असे. तिने डब्यातला लगदा पाहिला.

“न वळता तेलात घातला होय? मंग तो बसणारच लोळा होऊन.”

भागीदार तिच्या परातीकडे पाहू लागला. मीही पाहू लागलो. तिने परात जवळ ओढली.

“या देवाच्या आहेत.”

“काकू, आमची गाडी बी देवाच्याच भरोशावर चालून राहिली.”

“तुझी जीभ तेवढी चालून राहिली. पहिले कापूस आण. सरकी राहिलेली चालणार नाही.”

तिने चिमूटभर भस्म बोटांना लावले. वात वळताना कापूस निसटू नये म्हणून बायका ते लावतात. मी तिचा हात धरला. राखेचा कणही तेलात नको होता. तिला ते रुचले नाही. कोरड्या बोटांनी वळणे तिच्या वयाला सोपे नव्हते. पण तिने वळल्या. हातभर लांबीच्या, घट्ट पिळाच्या. आम्ही त्या डब्यात थरावर थर गुंडाळून बसवल्या आणि बाहेरच्या तोंडाशी जाड फ्लॅनेलचा तुकडा घातला. दाबायचे किती, हे ठरवायला तीन वेळा डबा भरून काढावा लागला. वडील ओसरीवरून येताजाता पाहत होते. लाखवातींच्या हिशेबातून या वाती वेगळ्या ठेव, एवढेच ते आईला म्हणाले.

पुढच्या खेपेला त्याच चढणीवर गाडी थांबवली. भागीदार आधी उतरला. त्याने डब्याला हात लावला आणि हात झटकला.

“पोयलो ना महाराज!”

इतका आनंदाने भाजलेला माणूस मी त्यानंतर पाहिला नाही.

तेल काळे व्हायचे थांबले नाही, पण फार उशिरा होऊ लागले. काळ्या झालेल्या वाती बदलताना त्यांच्या पिळात बसलेला गाळ नखाने खरवडून निघे. तो आधी बेअरिंगमध्ये जात होता. उन्हाळाभर आम्ही धारणीची वाट सोडली नाही. शाळा उघडली तोवर इंजिन एकदाही खोलावे लागले नव्हते. अमरावतीची जागा दुसऱ्याला मिळाली. वडिलांनी ही बातमी मला जेवताना सांगितली आणि ताक मागितले.

त्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी भागीदार बाळापूरहून झेंडूच्या माळा घेऊन लॉरी चालवीतच आला. वडील सोवळे नेसून, पूजेचे तबक घेऊन बाहेर आले. व्यापाऱ्याचा माणूस बोलावणे घेऊन उभा होता. त्याला त्यांनी थांबायला सांगितले.

लॉरीसमोर येऊन त्यांनी विचारले, “त्या वाती कुठे आहेत?”

मी बॉनेट उघडून डबा दाखवला. त्यांनी तळहात त्यावर ठेवला, आणि लगेच काढला नाही.

“गरम आहे,” ते म्हणाले.

मग त्यांनी डब्यावर कुंकवाचे बोट ओढले आणि मला आचमन करायला सांगितले.