मागं कुणी नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि आपल्यापासून माझं काही लपून राहत नाही असा तिचा ठाम समज आहे. तुम्हाला का सांगतोय, तेही मला नीट कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, भूपालला ओळखत नाही. कदाचित एवढंच कारण असेल.

सरळ सांगून मोकळं व्हावं तर — नको. आधी भूपालचं सांगतो.

भूपालचं माधवनगरला कापडाचं दुकान होतं. मी कुपवाडला एका कारखान्यात लेथवर. त्याचं दुकान बंद असायचं त्याच दिवशी माझी सुट्टी यायची, आणि ती सुट्टी आम्ही डोंगरात घालवायचो. एसटीनं जायचं, एसटीनं यायचं, हा त्याचा नियम. माझ्याकडे स्कूटर होती, तरीही. तो म्हणायचा, "गड्या, स्कूटर लावली की परत तिच्याच पायाशी यावं लागतंय. एसटीचं तसं न्हाई. एका गावातनं चढायचं, दुसऱ्या गावात उतरायचं." खरंच होतं ते. असा आम्ही दंडोबा पालथा घातला, सागरेश्वर झाला, वाईकडचे डोंगर झाले. कोकणात उतरून किनाऱ्याकिनाऱ्यानं चालायचं, खाडी आली की होडीतून पलीकडे जायचं, असाही एक बेत होता. दर वर्षी ठरायचा, दर वर्षी राहायचा. भूपालनं समुद्र पाहिलेला नव्हता.

माणूस जैन, आणि पाळणारा. पाणी फडक्यातून गाळल्याशिवाय प्यायचा नाही. दिवस बुडायच्या आत जेवायचा, आणि मग सकाळपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. डोंगरात असलो तरी तेच. ऊन कलायला लागलं की हा दिसेल त्या दगडावर बसणार, बायकोनं, पद्मावहिनींनी, दिलेल्या दशम्या सोडणार आणि सावकाश, एकेक घास चावून जेवणार. मी आपला घड्याळ बघत उभा. "आधी पोटोबा, मग विठोबा," मी चिडवायचो. तो म्हणायचा, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." हसायचो दोघंही. पण खरं सांगू? मी हसत होतो तेवढंच. आतून मला त्याचा राग यायचा. त्याच्या हळूपणाचा, त्याच्या शांतपणाचा. तो कशासाठीच कधी धावायचा नाही, आणि त्याच्या पायी मला कायम धावावं लागायचं. एवढ्याशा गोष्टीचा कुणी इतका राग धरतं का? मी धरला होता.

त्या दिवशी आम्ही पाटणच्या वरच्या पठारावर गेलो होतो, पवनचक्क्यांच्या रांगेखालून. थंडीचे दिवस, सूर्य लवकर खाली येतो. उतारावर अर्ध्यात आलो आणि खाली गावातल्या शाळेसमोर एसटी येऊन उभी राहिलेली दिसली. शेवटची गाडी. तिच्यानंतर थेट सकाळची. आणि भूपाल बसला की जेवायला!

मी बोललो. नको ते बोललो. "एक दिवस नाही पाळलंस तर तुझा देव काय तुला फाशी देणार आहे?" असं काहीतरी. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, असं मी किती वेळा मनाशी म्हटलं असेल. त्यानं दशमीचा तुकडा पुढं केला. "घे रं, तूबी खा." मी त्याचा हात झिडकारला. तुकडा मातीत पडला. तो त्यानं उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाला, "तू हो म्होरं. गाडी थांबीव. माझा गुडघा आज लय दुखतोय. आलोच मी हळूहळू."

आमच्याकडे खेड्यातली शेवटची गाडी थांबते. माणूस येतोय म्हणून सांगितलं की कंडक्टर घंटी मारत नाही. लोक कुरकुरतात, ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवतो, पण गाडी थांबते. भूपालला ते माहीत होतं. म्हणून तर तो निवांत जेवत होता.

मी खाली पोचलो. गाडी भरत आली होती. खिडकीतून आत हात घालून मी दोन जणांच्या सीटवर रुमाल टाकला — सवयीनं. एक जागा माझी, एक त्याची. मग वर चढलो. कंडक्टर उतारवयाचा होता. माझे मळलेले बूट बघून म्हणाला, "पठारावनंच आलाय न्हवं? मागं कोण हाय का अजून?"

खिडकीतून मला भूपाल दिसत होता. उतारावर त्याचा पांढरा शर्ट, हळूहळू खाली येणारा. काठी टेकत होता. बाकीच्यांना तो कुणी गुराखी वाटला असेल.

मी म्हणालो, "नाही. मागं कुणी नाही."

"बगा हां, शेवटची गाडी हाय," तो म्हणाला. "असंल कोण तर थांबतो की."

"एकटाच आहे मी."

एक म्हातारी उभी होती. शेजारच्या सीटवरचा रुमाल मी स्वतःच्या हातानं उचलला आणि तिला बसवलं. "भलं हुईल बाबा तुजं," ती म्हणाली. घंटी वाजली.

का केलं? त्याला एकदा कळू दे — एवढंच डोक्यात होतं. एक रात्र गावात काढू दे, कुणाच्या तरी ओसरीवर कुडकुडू दे, मग समजेल माझ्या जिवाचा कसा आटापिटा होतो ते. बस. एवढंच. मोठा राग असता, जुनं वैर असतं, तर निदान सांगायला तरी काही असतं.

पण हेही अजून सगळं नाही. कऱ्हाडला गाडी बदलून सांगलीच्या एसटीत बसलो होतो, तेव्हा पद्मावहिनींचा फोन आला. भूपालचा लागत नव्हता; त्या दरीत रेंजच नाही. त्यांचा आवाज घाबरलेला. मी म्हणालो, "वहिनी, काळजी नका करू. त्याची गाडी चुकली. गावात एकांच्या घरी मुक्काम केलाय त्यानं, मी सोय लावूनच आलोय." कसं सुचलं ते? इतकं झटकन, इतकं साफ? त्यांच्या थोरल्या दिरांकडे जीप होती. ते कपडे करून निघायच्या बेतात होते. माझ्यावर विश्वास टाकून सगळे झोपले.

भूपालनं गावात मुक्काम केलाच नव्हता. मोठ्या रस्त्याला एखादं वाहन मिळेल म्हणून तो अंधारात फाट्याकडे चालत निघाला. तो गुडघा घेऊन. एका मोरीपाशी पाय घसरून खाली कोसळला. सकाळी दूध नेणाऱ्यांना सापडला. रात्रभर थंडीत पडून होता. मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, गुडघा निखळून रक्तवाहिनी तुटली होती, रात्रीच आणलं असतं तर पाय वाचवता आला असता. आता कापावा लागेल. मी तिथंच उभा होतो, वहिनींच्या मागं. वहिनींनी माझ्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही. मी सोय लावली होती, पण भूपालच हट्टानं बाहेर पडला असेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं, आणि पुढंही त्याला ते कधी विचारलं नाही.

शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं मलाच विचारलं, "थांबली न्हाई व्हय रं गाडी?"

"हातापाया पडलो," मी म्हणालो. "कंडक्टरनं ऐकलं नाही."

त्याचा मुलगा तक्रार करायला निघाला होता. भूपालनंच अडवलं. "जाऊ दे. त्यालाबी घरदार असंल. चुकतंय माणूस." ज्या माणसानं दोनदा विचारलं, थांबतो म्हणाला, त्याला भूपालनं माझ्यासमोर माफ केलं. आणि मी शेजारी बसून होतो.

पुढची सगळी वर्षं मी त्यांच्या घरी जात राहिलो. त्या घरात माझा मान होता. आपल्या माणसासाठी कंडक्टरच्या पाया पडलेला मित्र! दिवस बुडायच्या आत त्याच्याबरोबर जेवायचो, आता घाई करायला कारणच नव्हतं. तो विचारायचा, "कोकणची गाडी हाय का रं अजून चालू?" मी म्हणायचो, "आहे की."

त्यांच्यात पर्युषण संपलं की एक दिवस क्षमेचा असतो. वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल त्याची हात जोडून माफी मागायची, लहानमोठं न बघता. भूपाल दर वर्षी माझी मागायचा. दर वर्षी तेच: "त्या दिशी मी जेवत बसलो, गड्या. माझ्यापायी तुला लोकांच्या पाया पडावं लागलं. क्षमा कर." दर वर्षी! मला बोलायची याहून सोपी वेळ कुठली होती? समोर माणूस हात जोडून बसलाय, दिवसच त्यासाठीचा आहे, एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणायचो, "अरे, असं काय बोलतोस," आणि वहिनींनी ठेवलेला लाडू तोंडात टाकायचो.

गेल्या वर्षी तो अंथरुणातून उठू शकत नव्हता. लकव्यानं उजवा हात लुळा पडला होता. मी त्याच्या उशाशी बसलो तेव्हा त्यानं डाव्या हातानं तो उजवा हात उचलून छातीवर आणला, दोन्ही तळवे जुळवायला त्याला फार वेळ लागला. मी मदत केली नाही. जीभ जड झाली होती, पण शब्द कळले. तेच शब्द. मग तो नुसता बघत राहिला. या वेळी "असं काय बोलतोस" एवढ्यावर त्याचं भागणार नव्हतं. त्याला उत्तर ऐकायचं होतं.

खोलीत आम्ही दोघंच होतो. वहिनी आत पाणी गाळत होत्या.

मी त्याचे जोडलेले हात हातात घेतले आणि म्हणालो, "केलं माफ."

त्यानं समाधानानं डोळे मिटले. पुढच्या थंडीत तो गेला. मी खांदा दिला.