अल्काबाईची भिंत अन् सरपंचाची हनुवटी

अल्काबाईनं चाळीस वर्सं विड्या वळल्या. तेंदूपत्ता कापून कापून हात असा बसला का आता ती काळ्या कागदातून माणसाची सावली कापते. पेन्सिल नाही, खोडरबर नाही, नुसती कातर. तिचं नाव कुठी छापून नाही आलं. पण आमच्या आजाचा दुसरा फोटोच नाही, तिनं कापलेला तेवढा आहे.

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तेव्हा ती ग्रामपंचायतीच्या चुन्याच्या भिंतीपाशी बसते. ऊन आडवं पडते, गिऱ्हाईकाची सावली भिंतीवर येते, अन् ते पाहून ती कापते. दुसऱ्या कोण्या भिंतीवर तसं ऊन येत नाही.

औंदा सरपंच योगराजभाऊनं ठरवलं, त्या भिंतीवर सेल्फी पॉइंट करायचा. गावात पाहासारखी एक फुटकी नाली आहे, पण सेल्फी पॉइंट पायजे.

"भिंत मले सोडा, भाऊ," अल्काबाई म्हणाली.

"सोडतो. आधी माझा फोटो काप. पंचायतीत लावाचा आहे."

तिनं त्याले तिथंच बसवून कापला. त्यानं उलटापालटा करून पाहिला.

"डोळे कुठी आहेत?"

"सावलीले डोळे नसते."

"अन् मी एवढा काळा आहो का?"

"सगळ्याईची सावली काळीच."

"बरं. ही खालची हनुवटी कोणाची?"

"दोन्ही तुमच्याच."

"एक उडव. नाक बी कमी कर."

"मंग ते तुम्ही नाही राहणार."

"तुले भिंत पायजे का नाही?"

अल्काबाईनं कातर चालवली. फोटो हातात आल्यावर योगराजभाऊ म्हणाला, "भिंतीचं पाहू." अन् पेंटर सांगून ठेवला.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत फोटोवरचं कापड काढलं. टाळ्या पडल्या. म्हातारी वच्छलाबाई म्हणाली, "बरं केलं बाप्पा, सेवकरामचा फोटो लावला."

सेवकराम म्हणजे मागचा सरपंच. योगराजभाऊनंच निवडणुकीत पाडलेला. बारका माणूस, हनुवटी एकच. तो मागून उठला, हात जोडले. "योगराज एवढ्या मोठ्या मनाचा असंन, असं मले वाटलं नव्हतं." परत टाळ्या. योगराजभाऊले बी वाजवा लागल्या.

सांजेले तो अल्काबाईच्या आंगणात.

"बाई, हनुवटी परत लाव."

"चिकटवली का जोड दिसते. नवीन कापा लागंन."

"मंग काप."

"ऊन कुठी आहे आता?"

"उद्या काप."

"उद्या तुमचा पेंटर भिंत गुलाबी करून रायला ना. गुलाबीवर सावली बसत नाही."

योगराजभाऊनं तिथूनच पेंटरले फोन लावला. "राहू दे रे उद्याचं."

"आता तरी काप," तो म्हणाला.

"मंडईच्या दिवशी या. भिंत पांढरी राहिली तर कापीन."

सेल्फी पॉइंट आता पाण्याच्या टाकीखाली आहे. तिथं बकऱ्या बसते.

मंडईच्या दिवशी लाइनीत योगराजभाऊ सातवा होता. नंबर आला तसा बाजूनं बसला, मान ताठ केली. अल्काबाईनं कातर उचलली.

"दोन्ही ठेव," तो हळूच म्हणाला.

"हलू नका," अल्काबाई म्हणाली.