बारा वर्षांखाली नको

खेळण्यांच्या दुकानात एक तरुण आई व्हिडिओ गेमचं खोकं उलटंसुलटं करून वाचत होती. त्यावर बाराचा आकडा होता आणि खाली बारीक अक्षरांत कारण दिलं होतं, भीतीदायक दृश्यं. "आमची साडेतीनच वर्षांची आहे, घाबरेल हो," म्हणत तिनं खोकं दुकानदाराला परत दिलं. मला बरं वाटलं. हल्ली एवढं वाचतं कोण?

खोकं गेलं तसं कडेवरच्या मुलीनं भोकाड पसरलं. आईनं चटकन माझ्याकडे बोट दाखवलं. "गप्प बस, नाहीतर ते काका पिशवीत घालून नेतील!"

माझ्या पिशवीत दुधी होता.

मुलगी गप्प झाली आणि माझ्याकडे टक लावून बघू लागली. हसावं तर आईचा शब्द खोटा पडतो, डोळे वटारावेत तर ही झोपेत दचकणार. लहानपणी मलाही एक गोणीवाला असाच दाखवला होता. जिन्याखाली मी अजून दिवा लावल्याशिवाय जात नाही. तोही बिचारा बटाटेच नेत असेल का? खोक्यावर निदान आकडा असतो. मी किती वर्षांच्या पुढच्यांसाठी आहे, हे मला कुणी सांगितलंच नाही.

शेवटी मी पिशवीतून दुधी अर्धा बाहेर काढून दाखवला.

ती आईला आणखी घट्ट बिलगली.