तिथल्या अर्थाचा मुसाफिर

आमच्या दाजींना भर उन्हात मेंढरांमागं हिंडवा, दोन दिवस उपाशी ठेवा, ते हूं का चूं करणार नाहीत. पण त्यांच्यापुढं भरलेलं ताट ठेवा आणि समोर बसायला कुणी ठेवू नका, एवढ्या एका शिक्षेनं तो माणूस मोडतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. गाव करमाड. एकट्यानं जेवणं त्यांना जन्मात जमलेलं नाही. शेंद्र्याच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली की ते डबा हातात धरून शेडभर फिरत, आणि ज्याचं जेवण व्हायचंय असा कुणी सापडल्याशिवाय झाकण काढत नसत. एकदा कुणीच उरलं नव्हतं, तर यांनी तपासणीला आलेल्या साहेबालाच हाताला धरून खाली बसवलं. साहेब बिचारा ठेचा खाऊन डोळे पुसत परत गेला आणि तपासणी राहूनच गेली. दारावर मिक्सर विकायला आलेल्या एका गृहस्थाला यांनी पोटभर जेवू घातलं. तो मिक्सर विकायचा विसरला आणि वर शेंगदाण्याची पुडी बांधून घेऊन गेला. आक्का म्हणायची, मी लग्न करून नांदायला आले का खानावळ चालवायला, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

ही खोड रानातली. दाजींचं घराणं मेंढरं राखणारं. रानात मुक्काम पडला की शेवटचा माणूस कळपाजवळ परत येईस्तोवर कुणी भाकर मोडायची नाही, असा तिथला कायदा. एकलं खाल्लेलं अंगी लागत नाय, हे वाक्य ते अशा थाटात सांगत की डॉक्टरनंही लिहून घ्यावं. पुढं लागोपाठ दुष्काळ पडला, चारा संपला, मेंढरं गेली, चरायच्या माळावर प्लॉटिंग झालं आणि दाजी कारखान्यात पॅकिंगच्या मशिनीवर उभे राहिले. शहर करमाडच्या दिशेनं सरकत होतं, नळाचं पाणी मात्र आमच्या शहरातल्या घरापर्यंतसुद्धा पोचत नव्हतं. त्या वर्षांत पाहुणा दारात दिसला की भलेभले आधी हंड्यात डोकावून बघायचे. त्याला तांब्याभर पाणी द्यायचं म्हणजे काळीज काढून द्यायचं. दाजींनी यावर तोड काढली. दर रविवारी ते एसटीनं आमच्याकडं येत, हातात पाण्याचा कॅन. दार वाजवायचं नाही, बेल तर नाहीच. थेट स्वैपाकघरात घुसून कॅन ओट्यावर ठेवायचा आणि म्हणायचं, "पाणी माझं, भाकर तुमची, पाव्हणं." आमच्याकडं मेहुण्याला पाव्हणं म्हणायची रीत आहे, पण आमच्या घरात पाहुणा कोण आणि यजमान कोण, हे दाजींनी आम्हाला कधी कळूच दिलं नाही. मागून आक्का हसत हसत चपला काढायची.

मग आक्का गेली. फार बोलण्यासारखं त्यात काही नाही. दवाखाना, आशा, परत दवाखाना आणि एक दिवस संपलं. मूलबाळ नव्हतं. तिच्या उपचारासाठी दाजींनी शहराच्या कडेला दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्यानं घेतला होता, त्यातच ते एकटे राहिले. आणि आमच्याकडं यायचे बंद झाले. मी दोनदा बोलवायला गेलो, माझी बायको जाऊन आली, निरोप पाठवले. ते चहा पाजायचे, नीट बोलायचे आणि हात जोडायचे. शेवटी एकदा म्हणाले, "ज्या दारानं येत होतो ते दारच गेलं. आता कोणत्या नात्यानं येऊ?" ते रोज कुठल्या तरी गाडीवर, कुठल्या तरी वॉचमनशेजारी उभ्यानं चार घास खात होते, तेही माणूस मिळाला तर. अंगातला शर्ट दुसऱ्याचा वाटायला लागला होता. हा माणूस असाच वाळत जाणार, अशी मला भीती वाटायला लागली.

अशात त्यांच्या कंपनीनं इस्तंबूलहून नवं मशीन घ्यायचं ठरवलं. बघायला एक साहेब आणि मशिनीवर हात बसलेला एक माणूस पाठवायचा होता, त्यात दाजींचा नंबर लागला. करमाडच्या पारावर आठ दिवस दुसरा विषय नव्हता. ते शुक्रवारी पोचले; काम सोमवारी. साहेबांचा कुणी मित्र तिथं होता, ते त्याच्याकडं निघून गेले. जाताना सांगून गेले, हॉटेलातच जेवा, सगळं कंपनीच्या खात्यावर आहे. म्हणजे नेमकी तीच शिक्षा! शुक्रवारी रात्री दाजी पाणी पिऊन झोपले.

शनिवारी दिवेलागणीला त्यांना राहवेना, ते बाहेर पडले. आधी एक पूल लागला, दोन्ही बाजूंना समुद्र, कठड्याशी माणसं गळ टाकून उभी. एवढं पाणी आणि कुणाच्या डोक्यावर घागर नाही, हे सांगायला त्यांनी मागं वळून बघितलं. मागं आक्का नव्हती, हे त्यांना वळल्यावर आठवलं. पुढं बाजार. दुकानाला तिथंही दुकानच म्हणत, हलव्याला हलवा, पनीरला पनीर, बदामाला बदाम! दाजींनी तिथंच निकाल लावला की अर्धी भाषा आपलीच हाय, उरलेली अर्धी हे लोक मुद्दाम बोलत्यात. मोठ्या रस्त्यावर ही गर्दी, गाणी, हातात हात घातलेली माणसं. एका हातगाडीवर हरभरे घातलेला पुलाव होता, वर कोंबडीचे तुकडे. दाजींनी एक ताटली घेतली आणि सोबत शोधायला लागले. सगळे दोघं-दोघं, चौघं-चौघं. शेवटी पायरीवर एक मांजर बसलं होतं, त्याच्यासमोर हे बसले. निम्मा पुलाव त्याला वाढला. मांजरानं कोंबडी तेवढी खाल्ली आणि दाजींनी पहिला घास उचलायच्या आत ते निघून गेलं. हे सांगताना दाजी हसले, पण मला काही हसू आलं नाही.

ताटली तशीच ठेवून ते एका गल्लीत शिरले. छोटी खानावळ, बाहेर मांडलेली टेबलं. वाढप्यानं बोटांनी विचारलं, किती जण? दाजींनी एक बोट वर केलं. तसं त्यानं समोरची दुसरी ताटली, दुसरा पेला आणि काटे-चमचे उचलून नेले. दाजी मला सांगताना म्हणाले, पाव्हणं, तेवढं मात्र बघवलं नाय. ते उठायलाच लागले. कोपऱ्यातल्या टेबलावर खानावळीचा म्हातारा मालक आपल्या गोतावळ्यासोबत जेवत होता. त्यानं हाक मारून काहीतरी विचारलं. कोण, कुठला, असंच असणार. दाजींनी छातीवर हात ठेवला आणि आपल्या दखनीतला एकच शब्द काढला, "मुसाफिर."

म्हाताऱ्याचा चेहराच पालटला. तो उठला, यांना दंडाला धरून आपल्या टेबलाशी घेऊन गेला, लेकाला सरकवून जागा केली. पुढं मासळी आली, कबाब आला, वांगं आलं. पेल्यात पांढरं काहीतरी ओतलं, बडीशेपेचा वास. मेंढीचं दूध असणार म्हणून जातिवंत मेंढपाळानं एका दमात अर्धा पेला रिचवला, आणि मग त्यांना कळलं की असलं चढणारं दूध कुठलीच मेंढी देत नाही. टेबलावर गाणी चालू होती. दाजींनी बिरोबाची ओवी म्हटली. म्हातारा टेबल बडवून ठेका धरत होता, एकाही माणसाला शब्द कळत नव्हता. उठताना दाजींनी खिशाला हात लावून "हिसाब?" म्हटलं. म्हाताऱ्याला तो शब्दही बरोबर कळला. पण त्यानं यांचा हात खाली केला आणि यांचाच शब्द यांना परत दिला, मिसाफिर. रविवारीही त्यांनी यांना सोडलं नाही.

परत आल्यावर दाजी तिथल्या हलव्याचा डबा घेऊन आमच्याकडं आले. आक्का गेल्यानंतर पहिल्यांदाच. ही सगळी हकिकत त्यांनी उंबऱ्यात उभ्यानं सांगितली, बसा म्हटलं तरी बसेनात. सोमवारी साहेबांनी फोनमध्ये बघून त्या शब्दाचा अर्थ सांगितला होता, तो सांगायचा राहिला होता. त्याच्यासाठीच ते आले होते.

"तिकडं मुसाफिर म्हंजी पाव्हणा," दाजी म्हणाले. "मी सांगत व्हतो, मला घरदार नाय. अन् त्यांना ऐकू जात व्हतं, पाव्हणा आलाय, पान वाढा."

आतून ताटांचा आवाज आला. बायको विचारत बसली नाही, तिनं वाढायलाच घेतलं. दाजींनी चपला काढल्या. त्या दिवशी त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या आणि मी नको नको म्हणत असताना मलाही तेवढ्याच खायला लावल्या.

आता ते दर रविवारी येतात. कोण म्हणून विचारलं की बाहेरून उत्तर येतं, मुसाफिर. मी विचारतो, इथला का तिथला? ते म्हणतात, "ते तुमीच सांगायचं, पाव्हणं." मी दरवेळी तिथला म्हणतो आणि दार उघडतो. शर्ट आता अंगाला बसायला लागलाय. पाण्याचा कॅनही परत सुरू झालाय, सवयीनं. फक्त एवढंच, की आक्का होती तेव्हा ते थेट स्वैपाकघरात घुसायचे. आता बेल वाजवतात.