वीस मिनिटं आधी झोपलेला कॉम्प्युटर

आमच्या घरात दुपारी एक ते चार कोणीही जागं नसतं, म्हणून मी कॉम्प्युटरलाही त्या वेळेत झोपायची शिस्त लावली.

त्याचं असं झालं, वाटूरची शेती वाट्याने देऊन आम्ही नवीन जालन्यात राहायला आलो, तेव्हापासून आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एक नेम ठरला. जेवण झालं की कॉम्प्युटरवर कीर्तन लावायचं आणि पहिला अभंग संपायच्या आत खुर्चीतच घोरायचं. यंत्र बिचारं चारपर्यंत एकटंच कीर्तन करायचं! शेवटी मी त्यात वेळ लावून दिली. एकला आपोआप बंद, चारला आपोआप सुरू. पहिल्या दिवशी तो बंद झाला तेव्हा घरभर अशी गोड शांतता पसरली! काळ्या पडद्यावर खिडकीतल्या लिंबाची सावली हलत होती. कोणाला तरी पांघरूण घालून निजवल्यासारखं वाटलं मला. (मी अशीच आहे. यंत्रांचंही मला वाईट वाटतं.)

मग बारसं आलं. भावाला, प्रशांतला, मुलगा झाला. मी एकुलती एक आत्या, म्हणजे नाव ठेवायचा मान माझा. पण बारसं वहिनीच्या माहेरी, नाशिकला, आणि मी पायरीवरून घसरलेली, पाय प्लास्टरमध्ये! ठरलं, आत्या कॉम्प्युटरवरून नाव ठेवणार. उशीवर पाय टेकून, दुपारच्या अर्धवट झोपेत, मी स्वतः पाळणा रचला. चांगली अकरा कडवी! नाव अकराव्या कडव्यात. तोवर आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

मुहूर्त पावणेएकपर्यंत होता आणि कॉम्प्युटर बंद होणार एकला. म्हणजे पंधरा मिनिटं हातात. हिशेब अगदी चोख होता.

पडद्यावर पाळणा दिसला, शेजारी नटलेली वहिनीची बहीण दिसली. प्रशांत म्हणाला, "ताई, जल्दी घे गं. पोरगं रडून राह्यलंय."

"अरे, अकराच तर कडवी आहेत!"

मी डोळे मिटले. नाव ठेवताना आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, ते काम आईने घेतलं. मी गात गेले. तिसऱ्या कडव्याला मी ढगात होते, सहाव्याला मीच पाळण्यात होते, नवव्याला आपण नेमके कुठे आहोत हेच आठवेना. दहावं संपवून डोळे उघडले, तर पडदा काळा! त्यात फक्त माझा उघडा 'आ' दिसत होता. आई धपाटे घालतच होती.

"आई, थांब! आप्पा, लाइट गेली का?"

"न्हाई. पंखा फिरून राह्यलाय की."

"मग हे काय झालं?"

"मधी एक पाटी आल्ती, बंद होणार म्हून. तुझ्या गाण्यात खोडा नको, म्हून हटवली म्या."

"अहो, पण एक कुठे वाजलाय अजून?"

"त्याच्यात वाजला की," आप्पा अभिमानाने म्हणाले. "मागच्या हप्त्यात दुरुस्तीवाला आल्ता ना, त्याला सांगून ह्याचं घड्याळ वीस मिनिटं पुढं करून घेतलं. भिंतीवरच्याशी बराबर जुळतंय आता."

वाटूरला आप्पांची एकदा बस चुकली होती. तेव्हापासून आमच्या घरातली सगळी घड्याळं वीस मिनिटं पुढे असतात. भिंतीवरच्या घड्याळातून वीस वजा करायची मला जन्माची सवय, पण कॉम्प्युटरमधूनही वजा करावी लागतील हे कुठे ठाऊक!

मी फोनवर फोन लावले. तिकडच्या गोंगाटात कोणाला घंटी ऐकू येईना. शेवटी एकदाचा प्रशांतने उचलला.

"ताई, मुहूर्त टळून राह्यला होता गं. तू पण दिसंना. मंग हिच्या बहिणीनंच उरकलं. आरव ठेवलं."

मला खरंच रडू आलं. आईने पाठीवरून हात फिरवला. (तिथे आधीच दुखत होतं.) रडता रडता आम्ही तिघंही झोपलो.

जाग आली ती निळसर उजेडाने. चारला वीस कमी असताना कॉम्प्युटर आपणहून उठला होता. मी पुन्हा प्रशांतला गाठलं. तो पेंगत होता. त्याने लॅपटॉप पाळण्याजवळ ठेवला आणि निघून गेला. बाळ माझ्याकडे टकमक बघत होतं. मी हळूच म्हटलं, "निरंजन." ते चक्क हसलं! मला आभाळ ठेंगणं झालं. लगेच पहिल्या कडव्यापासून पाळणा सुरू केला. दुसऱ्या कडव्याला बाळ गाढ झोपलं होतं.

आता तो दोन वर्षांचा आहे. सगळे त्याला आरव म्हणतात, मी एकटी निरंजन म्हणते, आणि तो दोन्हींना ओ देतो. माझ्या पाळण्याचं अकरावं कडवं मात्र अजून कोणीही ऐकलेलं नाही. दुसरं सुरू झालं, की निरंजन आपोआप बंद पडतो, आणि त्यासाठी मला कुठलीही वेळ लावावी लागत नाही!